पाठची पट्टी

दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर तीन दिवस पीठ सांडत होतं. पहिल्या दिवशी वाटलं, छताचा गिलावा सुटला असेल. ओल्या फडक्यानं पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच जागी चिमूटभर, निमुळत्या टोकाची ढिगली. वर छत बघितलं तर धड होतं. तिसऱ्या दिवशी मात्र मी ते बोटावर घेऊन चोळलं. गिलावा खरखरतो, हे खरखरत नव्हतं. मोदकाच्या पिठीसारखं मऊ, किंचित पिवळसर, आणि नाकाजवळ नेलं तर कसलाच वास नाही. मग नजर सावकाश वर गेली. कपाटाच्या वर, बरोबर त्या ढिगलीच्या रेषेत, आत्याचं सुस्वागतम् टांगलेलं होतं.

लाकडाला किडा लागला होता.

ज्यांच्या घरात असं एखादं सुस्वागतम् होतं त्यांना वेगळं काही सांगायला नको. मॅटीचं कापड, दोन बाजूंना एकमेकांकडे तोंड करून बसलेले पोपट, मधून गेलेली वेल आणि लाल धाग्यातली अक्षरं. आत्यानं ते लग्नाआधी भरलं, त्याला आता साठ वर्षं होऊन गेली. गावच्या घरात ओटीवर रविवर्म्याच्या छापील देवांची रांग होती, लक्ष्मी, सरस्वती, मधे एक विश्वामित्र आणि मेनका. १८९४ साली मुंबईत निघालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला तो छापखाना कोकणातल्या किती ओट्यांवर येऊन पोहोचला होता, हे तिथे वाढलेल्यांनाच कळेल. त्या रांगेच्या शेवटी, दाराच्या अगदी जवळ, आत्याचे पोपट. आलेला पाहुणा पायरी चढला की पहिल्यांदा तेच बघायचा. आणि आजोबा दर पाहुण्याला न चुकता दाखवायचे, “हे आमच्या मुलीनं केलंय. फक्त ‘म’चा पाय मोडायचा राहिला बघा.” कारण ते खरं तर ‘सुस्वागतम’ होतं. शेवटच्या ‘म’खालची ती तिरकी रेघ आत्यानं भरलीच नव्हती.

त्या न भरलेल्या रेघेची मी लहानपणापासून एक गोष्ट करून ठेवली होती. बघायला येणाऱ्यांसाठी म्हणून वीस वर्षांच्या मुलीला बसवून जे भरून घेतलं, त्यात तिनं मुद्दाम एक जागा सोडली, असं मला वाटायचं. आत्याला मी हे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती गोष्ट माझ्याकडे राहिली नसती, हेही आत कुठेतरी ठाऊक असणार.

चौकट आजोबांनी स्वतः केली होती. घराच्या दारांना सागाच्या चौकटी घातल्या, त्यातल्या उरलेल्या रिपा त्यांनी माळ्यावर जपून ठेवल्या होत्या. ते काही सुतार नव्हते, पण रंधा आणि गुण्या घरात होता, आणि हाताला सवय होती. कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून सरसानं जोडलेले, काच बसायला आतून खाच, वरून लाखेचं पॉलिश. एका रिपेला कडेनं पांढरी पट्टी होती, म्हणजे सालीलगतचं लाकूड. तो भाग त्यांनी बरोबर पाठीमागे वळवला होता. पांढऱ्या लाकडावर त्यांचा विश्वास नव्हता. वईसाठी, म्हणजे कुंपणासाठी, किंवा मांडवासाठी बांबू तोडायचा तर काळोख्या पंधरवड्यात, आणि तोडला की तो थेट व्हाळात, ओढ्याच्या पाण्यात. वर दगड ठेवून तीन-चार आठवडे तसाच बुडवून ठेवायचा. त्या पाण्याला येणारा आंबूस, कुबट वास मला आजही जसाच्या तसा आठवतो. आम्ही पोरं नाक दाबून पलीकडे पोहायला जायचो. आजोबा म्हणायचे, “गोडवा उतरला की भिरूड लागत नाही.” चंद्राचा त्यात किती हात असतो ते राहू दे, पण पाण्याचं त्यांचं म्हणणं खरं होतं. बांबूतली साखर पाण्यात उतरते, स्टार्च आंबून घटतो, आणि किड्याला हवा असतो तो नेमका स्टार्च.

हे सगळं माहीत असलेल्या माणसाची नात मी. चार वर्षांपूर्वी घर बदलताना त्या चौकटीची काच तडकली आणि एक कोपरा उघडला. मी ती घेऊन एका फ्रेमवाल्याकडे गेले. लहानसं दुकान, भिंतीला उभ्या टेकवलेल्या सोनेरी, चंदेरी, काळ्या पट्ट्या, कोन कापायचं पायानं दाबायचं यंत्र आणि जमिनीवर काचेचा चुरा. त्यांनी चौकट उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, “ताई, जुनी टाका. सिंथेटिक घालून देतो. वीस-पंचवीस वर्षं बघायला नको.” त्या ‘टाका’ शब्दानं मला राग आला. मी म्हटलं, हीच चौकट राहणार, आणि पाठीमागे आधाराला जी पट्टी माराल तीसुद्धा लाकडाचीच मारा, मला प्लॅस्टिक नको. ते काही बोलले नाहीत. आत जाऊन एक फळी घेऊन आले. पांढरट, हलकी, कोरी. “जंगली लाकूड आहे, चालेल?” मी हो म्हटलं. हात लावून बघितला, तर ताज्या लाकडाचा आंबटसर वास आला आणि मला ते फार आवडलं. कसलं लाकूड, कधी कापलेलं, काही लावलंय का, यातलं एकही अक्षर मी विचारलं नाही. त्यांनी दोन आडव्या पट्ट्या कापल्या, सागाच्या पाठीवर ठोकल्या, वरून खाकी कागद चिकटवला. मी जिंकल्यासारखी घरी आले.

आता तीच चौकट जेवणाच्या टेबलावर पालथी ठेवली तर खाकी कागदाला सुईनं टोचल्यासारखी भोकं होती. कागद फाडला. वरची पट्टी चाळणी झालेली. नुसती नखानं दाबली तर खचली, वरचा पातळ पापुद्रा फुटला आणि आतून पीठ भळभळ ओघळलं. एवढं पीठ, की मी हात मागे घेतला. आत लाकूड असं उरलंच नव्हतं. पट्टीचा आकार तेवढा उभा होता, बाहेरची साय धरून. शाळेत संस्कृतच्या बाईंनी घुणाक्षरन्याय शिकवला होता, लाकूड कोरता कोरता घुणाकडून नकळत एखादं अक्षर उमटतं तो. तेव्हा मी घुण कधी बघितला नव्हता. पट्टीचा पापुद्रा पूर्ण सोलल्यावर बाईंची आठवण झाली. रेषांसोबत धावणारे, एकमेकांत शिरणारे, पिठानं गच्च भरलेले बोगदे. मी बराच वेळ अक्षर शोधत बसले. एक ‘र’ सापडला, तोही मी ठरवला म्हणून.

वाळवी वेगळी. ती जमिनीतून मातीच्या नळ्या काढत येते, तिला ओल लागते, आणि आपल्याला तिची धास्ती उपजतच असते. हा किडा कोरड्या लाकडातला. आपण घुण म्हणतो, कोकणात भिरूड, आणि शास्त्राच्या पुस्तकांत यातल्या एका मोठ्या गटाला लिक्टस म्हणतात. भुंगेरा जेमतेम चार-पाच मिलिमीटर, तांबूस-तपकिरी, चपटा. पुढचे काही दिवस मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत होते, आणि ज्या गोष्टीपाशी अडकले ती अशी, की मादी अंडी घालण्याआधी लाकूड चाखून बघते. पृष्ठभागाला बारीक चावे घेते. स्टार्च पुरेसा असेल तरच लाकडाच्या उघड्या छिद्रांत, म्हणजे झाड जिवंत असताना ज्या नळ्यांतून पाणी चढायचं त्यांच्या तोंडांत, अंडी सोडते. पॉलिशनं छिद्रं बुजलेली असतील तर तिला जागा नसते. पाइनमध्ये तसल्या नळ्याच नसतात, म्हणून त्याला ती शिवत नाही. सागाच्या गाभ्यात स्टार्च नसतो, वर त्याचे स्वतःचे कडू रस असतात. आणि लाकूड जुनं होत जातं तसा पांढऱ्या भागातला स्टार्चही ओसरतो, दहा-पंधरा वर्षांनी तिथे तिच्या पिल्लांसाठी फारसं काही उरत नाही. म्हणजे साठ वर्षांच्या चौकटीला हे आपणहून होणं जवळपास अशक्यच. किडा आला तो त्या कोऱ्या पांढऱ्या पट्टीतून. बहुधा दुकानातच अंडी आत होती. मी ती पैसे देऊन, हट्ट करून घरी आणली आणि दाराशेजारी टांगली.

भोक दिसतं तेव्हा किडा बाहेर पडून गेलेला असतो, हेही मला आधी माहीत नव्हतं. आपण भोकाला दुखणं समजतो. प्रत्यक्षात अळी महिनोन्महिने, कधी वर्षभर आतल्या आत खात राहते, बाहेरून पट्टी गुळगुळीत असते. मग पृष्ठभागाजवळ येऊन कोष करते, भुंगेरा होते आणि एक-दोन मिलिमीटरचं गोल भोक पाडून निघून जाते. गरम दिवस लागले की हे जास्त होतं. चार वर्षांत त्या पट्टीत निदान दोन-तीन पिढ्या झाल्या असतील. त्या काळात आम्ही तिच्या शेजारून हजारदा ये-जा केली, दिवाळीला दाराला तोरण बांधलं, त्याच चौकटीजवळ उभं राहून फोटो काढले.

आणि बाहेर पडणारा भुंगेरा समोर येईल ते कोरतो. हे मला सगळ्यात उशिरा दिसलं. काच काढायला चौकट उभी केली तेव्हा काचेच्या आत, खालच्या कडेला, पोपटाच्या पायाशी एक मेलेला किडा पडला होता. पट्टीतून निघून मागचा पुठ्ठा आणि मॅटीचं कापड पार करून तो काचेला येऊन अडला होता. ‘त’च्या उभ्या रेघेपाशी कापडाला गोल भोक. दोन धागे तुटलेले. मी ते भोक बघत राहिले आणि मला रडू आलं, इतक्या लहान भोकासाठी यावं त्यापेक्षा जास्त.

आत्याला फोन केला. ती सावंतवाडीला असते, एक्याऐंशी वर्षांची, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. मी सगळं सांगितलं, पट्टीचं मात्र शेवटी. ती म्हणाली, “अगो, पण ता लाकूड कसला घातलंस मागे?” मी म्हटलं, माहीत नाही, पांढरं होतं. “आंब्याचा नायतर सावरीचा असतला. भिरूड लागतलीच. तुझ्या आज्यान काय शिकवल्यान नाय तुका?” मग जरा थांबून, “टाकून दी गो. कित्या ठेवलंस तां आजून?” तिला खरंच कळत नव्हतं. फ्रेमवाल्याच्या ‘टाका’वर मी चिडले होते. आत्याच्या ‘टाकून दी’वर काय करावं ते सुचेना.

टाकलं नाही. आता जे केलं ते नीट सांगते, कारण त्या आठवड्यात मला असं नीट सांगणारं कुणी भेटलं नाही. जो तो रॉकेल म्हणत होता. रॉकेल भोकात सोडलं तर जिथे पोहोचतं तिथली अळी मरते, पण ते उडून जातं आणि पुढच्या मादीला काही अडवत नाही, शिवाय कापडाला डाग आणि वास. उन्हात ठेवा, हा दुसरा सल्ला. लाकडाच्या आतपर्यंत पंचावन्न-साठ अंश पोहोचले तर किडा मरतो खरा, परदेशी जाणाऱ्या खोक्यांच्या लाकडाला तशीच उष्णता देतात, गाभ्यात ५६ अंश आणि निदान ३० मिनिटं. त्या खोक्यांवर गव्हाच्या ओंबीसारखा शिक्का आणि ‘एचटी’ अशी अक्षरं असतात. पण नुसती उष्णता त्या दिवसापुरती, नंतर नव्यानं लागायचा तर लागतोच. आणि आमच्या गच्चीवरचं ऊन कुठवर पोहोचेल याचा भरवसा नाही. त्यात सरसाचे सांधे सुटले असते.

संग्रहालयांत अशा वस्तूंसाठी थंडी वापरतात. मी तेच केलं. दोन्ही पांढऱ्या पट्ट्या काढल्या, घट्ट पिशवीत बांधून घराबाहेर नेल्या. मॅटीचं कापड चौकटीतून मोकळं करून बटर पेपरवर सैल गुंडाळलं, दोन पिशव्यांत हवा काढून बंद केलं आणि फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांत, दोन आठवडे ठेवलं. मटार एका बाजूला, आमरसाचे डबे दुसऱ्या. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी थेट थंड कापडावर उतरतं. पूर्ण एक दिवस ती टेबलावर तशीच राहू दिली. चौकट फ्रीझरमध्ये मावली नाही. तिच्यासाठी बोरिक आणि टाकणखार, म्हणजे बोरॅक्स. बोरिक म्हणजे कॅरमवर टाकतात तीच पावडर, टाकणखार किराणा दुकानात मिळाला. दोन भाग बोरिक, तीन भाग टाकणखार, गरम पाण्यात विरघळवून सागाच्या पाठीवर ब्रशनं दोनदा, मधे एक दिवस वाळवून. पॉलिशवर ते मुरत नाही, म्हणून जिथे कोरं लाकूड होतं तिथेच, आणि त्या पांढऱ्या कडेवर जरा सढळ हातानं. तिथे दोन भोकं होती. माझी समजूत अशी, की पट्टीतले किडे बाहेर पडताना तिथून गेले, राहिले नाहीत. तरी त्यांत सुईनं किडानाशक तेल सोडलं, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून. वाळल्यावर भोकं रंगीत मेणानं बुजवली. दिसू नयेत म्हणून नाही. जुनी भोकं बुजलेली असली की नवं पडलेलं लगेच कळतं.

त्याच दिवसांत एकदा राजा केळकर संग्रहालयात गेले. इतर वेळी मी तिथे दिवे, अडकित्ते, दौती बघते. त्या दिवशी कोरीव दरवाजांपाशी आणि मस्तानी महालाच्या खांबांपाशी मान खाली घालून फिरत होते, कडांवर भोकं शोधत, जमिनीवर पीठ शोधत. तिथल्या एका काकांनी विचारलं, काही पडलंय का तुमचं? काय सांगणार? त्या दिवसांत मला जिथे तिथे लाकूडच दिसत होतं. लहानपणी सावंतवाडीहून आणलेला लाकडी आंबाही डब्यातून शोधून काढला, पांगाऱ्याचा, रंग अजून तुकतुकीत. देठापाशी एक भोक होतं. जुनं. कितीतरी वर्षं मी ते देठासाठीचंच समजत होते.

किड्यांबद्दल एक सांगायचं राहतंय. दोन आठवडे रोज फ्रीझर उघडताना ती पिशवी दिसायची आणि मला जरा जड जायचं. त्यात जिवंत काही असेल-नसेल, बहुधा नसेलच. पण मादी लाकूड चाखून बघते हे वाचल्यापासून मला तिचा राग धरता येईना. ती जे शोधत होती ते तिला माझ्या निवडीत मिळालं. मी चाखून बघितलं नव्हतं.

फ्रेमवाल्यांकडे परत गेले. काय झालं ते सांगितलं. वाटलं, म्हणतील, तरी मी म्हटलं होतं. ते नुसते खाली बघून म्हणाले, “ताई, तेव्हा पावसात माल आला होता. मला पण बघायला पाहिजे होतं.” या खेपेला पाठीमागे त्यांच्या त्या सिंथेटिक पट्टीचेच तुकडे मारले. काळे, हलके, कसलाही वास नसलेले. सागाला ते शोभत नाहीत. पाठीमागे आहेत, कुणाला दिसत नाहीत, मला माहीत आहेत.

कापड मात्र त्याआधी सावंतवाडीला जाऊन आलं. ‘त’चं भोक मला रफू करता येईना, लाल धागा जुळत नव्हता. आत्या फोनवर वैतागली, “तुका जमाचा नाय तां. हाड हंय.” मे महिन्यात घेऊन गेले. ती खिडकीशी बसली, कापड डोळ्यांजवळ नेऊन तिनं आधी पालथं केलं आणि उलटी बाजू बघितली, भरतकाम येणाऱ्या बायका बघतात तशी. बोटानं पोपटाच्या पंखावरून हात फिरवला. काही बोलली नाही. तिच्या डब्यात एक लाल लडी होती, जुळणारी नव्हती, पण जुनी होती. अर्ध्या तासात दोन्ही तुटके धागे बांधले, भोक भरलं. जवळून बघितलं तर त्या जागी लाल जरा गडद आहे.

मग मी विचारलं. आता सुई हातात आहेच, तर ‘म’चा पाय मोडतेस का?

“दोरो संपलेलो गो तेव्हा,” ती म्हणाली. “बाजाराक अजून चार दिस होते. तेच्याआधी बाबांनी चौकट मारून टाकल्यानी.” आणि लडी डब्यात ठेवून तिनं झाकण लावलं.

सुस्वागतम आता पुन्हा दाराशेजारी आहे. चपलांच्या कपाटावर मी काळ्या कार्डशीटचा एक तुकडा ठेवलाय, पीठ पडलं तर उठून दिसावं म्हणून. सकाळी दूध घ्यायला दार उघडते तेव्हा आधी तो बघते, बोट फिरवते. गेलं वर्षभर धूळ निघाली, एकदा उदबत्तीची राख, एकदा मुलीच्या खोडरबराचा चुरा. पण हा किडा बाहेर पडतो तो उन्हाळ्यात, आणि एप्रिल अजून संपलेला नाही.